चौकटीबाहेर कापलेला बैल

एसटी सुटायला दहा मिनिटं होती आणि बाबा माझ्याशी बोलायचं सोडून ड्रायव्हरशी बैलांच्या किमतीवर बोलत उभे होते. भंडाऱ्याचा स्टँड, मांडीवर कपड्यांची पिशवी, पिशवीत मामाचा जुना कॅमेरा. शेवटी गाडी हलायला लागल्यावर ते खिडकीशी आले. "पोचली का पत्र टाकजो," म्हणाले. "अन् पुन्यात बोलताना भेऊ नोको, तेई मानसंच हाये."

जे तिकडं मागं राहिलात त्यांना आणि जे माझ्यासारखं निघून आलात त्यांना, दोघांनाही सांगते, ती माणसंच निघाली. शनिवार पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत मला काम मिळालं. मालकांना सगळे काका म्हणत. पहिल्या दिवशी माझे फोटो बघून ते म्हणाले, "आपण गावाकडच्या आहात हे बोलण्यावरून कळलं. फोटोवरून कळू देऊ नका." डार्करूममध्ये त्यांचा एकच धडा: नको ते कापायचं. मी इतकं छान कापायला शिकले, की दोन वर्षांत एका पेपरनं मला नोकरी दिली.

पुढं मी खूप हिंडले. सीमेवरची गावं पाहिली, दंगलीनंतरचे मोहल्ले पाहिले, मेंढरांमागं कोसच्या कोस चालणारे धनगर, हत्तीला लेकरासारखं दटावणारे माहूत. हे काम मला येतं आणि चांगलं येतं, या वयात खोटा विनय कशाला. पण मी शहाणी झाले ती एका फोटोपायी.

पेपरनं मला आमच्याच भागात पाठवलं, "तिकडची भाषा तुम्हाला येते" म्हणून. वाघानं एका गावातले बैल मारले होते आणि चिडलेल्या लोकांनी वनखात्याची जीप अडवली होती. धक्काबुक्की, दगड, आरडाओरड. त्यात मला एक माणूस दिसला. तोंड उघडं, हात उंच, हातात तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, आणि मागं जीपची फुटकी काच. पुण्यात येऊन मी फोटोची डावी बाजू कापून टाकली. पहिल्या पानावर आला. ऑफिसात माझ्यासाठी चहा मागवला गेला.

चार दिवसांनी कळलं, अधिकाऱ्यावर काठी उगारली म्हणून त्याच फोटोवरून त्या माणसाला, सुखदेवभाऊला, पोलिसांनी उचललं. मी निगेटिव्ह काढून दिव्यासमोर धरली. डावीकडं बैल होता, बुजलेला, थेट जीपवर चालून जाणारा. सुखदेवभाऊ तुतारी उंच धरून त्याला आडवा गेला होता. बैल असाच थांबवतात. माझ्या बाबांना मी शंभरदा असं करताना बघितलेलं. शेतकऱ्याच्या पोरीनं बैल कापला आणि माणूस तुरुंगात घातला.

संपादक म्हणाले, "अख्खा फोटो दाखवलात तर पेपरनं अर्धा छापला असं होईल. नोकरीचा विचार करा." केला विचार, आणि काकांकडं गेले. काकांनी निगेटिव्ह बघितली, चष्मा पुसला. "कापायला मीच शिकवलं," म्हणाले. "आता न कापता मोठा प्रिंट काढू. कागद माझा."

तो प्रिंट घेऊन मी कोर्टात उभी राहिले आणि सांगितलं, हा मी कापला होता. सुखदेवभाऊ सुटला. माझी नोकरी गेली. तेव्हापासून मी फोटो अख्खा देते, निगेटिव्हच्या काळ्या कडांसकट. ज्यांना कापून हवा त्यांनी दुसऱ्याकडून घ्यावा. काम कमी पडलं नाही.

मग माफी मागायला त्याच्या गावी गेले. पोळ्याची आदली संध्याकाळ होती. दारात त्याची बायको, रुख्मा. "आली का अर्ध्या फोटोवाली?" मी माफी मागितली. "माफीचं काय करू वं मी? चुलीवर भाजू?" मग माझ्या गळ्यातला कॅमेरा तिनं स्वतः काढून खुंटीला टांगला, मला फोटोतल्या त्याच बैलापाशी नेलं आणि हातात हळद-तुपाची वाटी दिली. "धर. मळ त्याचा खांदा. तूनच कापलं होतं ना याले."

जुवानं घट्टे पडलेला तो खांदा मी बराच वेळ मळत बसले. मळून झाल्यावर रीतीप्रमाणं सुखदेवभाऊनं बैलाला आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." रुख्मा माझ्याकडं न बघता म्हणाली, "अन् तू बी."

त्यानंतर एक पोळा चुकवला नाही. बाबा गेले, आमचं शेत गेलं, भंडाऱ्यात आता ओळखीचं दार नाही. पुण्यात मार्केट यार्डाजवळ माझा फ्लॅट आहे, भाजीवाले मला नावानं ओळखतात, आणि गाव कोणतं विचारलं तर मी बेधडक पुणं सांगते. पण श्रावण सरत आला की रुख्माचा फोन येतो, "कवा येतेस वं, अर्ध्या फोटोवाली?" नातवंडांनाही ती माझी हीच ओळख करून देते. माझी चूक त्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे, आणि माझं पान रोजच्या जेवणाऱ्यांत धरलेलं असतं. घर म्हणतात ते मला तरी एवढंच कळलंय.