मोरीच्या अलीकडे

संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी एकवीसशे रुपयांचे पांढरे पळायचे बूट घेतले. शहापुरातल्या त्या दुकानात मी आणि बायको दोघेच होतो. एवढ्यात दोन बऱ्या साड्या आल्या असत्या, असं ती म्हणाली. पण पैसे तिनेच पर्समधून काढून दिले. माझी साखर दोनशे चौदा आली होती. डॉक्टरांनी रोज चाला, जमलं तर पळा, असं सांगितलं होतं.

आमच्या हिंडलग्याकडच्या भागात पळणं म्हणजे भरती. सैन्याच्या भरतीला सोळाशे मीटर ठरावीक वेळेत पळावं लागतं, म्हणून पोरं पहाटे रस्त्यावर दिसतात. तेविशीनंतर कुणी पळत नाही. मी एक्कावन्न वर्षांचा, फौंड्रीतल्या वजनकाट्यावर काम करणारा माणूस. पण मलाही पळण्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढे अकरा वर्षं गावातल्या पोरांना भरतीसाठी पळवत होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा डावा हात आणि पाय गेला. पोरं शहरातल्या अकॅडमीत गेली. अण्णांनी खाट धरली. वहिनी दाढी करायला माणूस बोलवायच्या, ते त्यालाही परत पाठवायचे.

माझे बूट बघितल्यावर त्यांनी कपाटातलं स्टॉपवॉच मागितलं. दुसऱ्या दिवशी सहाला काठी टेकत दारापुढच्या रस्त्यावर येऊन खुर्चीवर बसले. घरापासून शेतातल्या मोरीपर्यंत, म्हणजे रस्त्यावरच्या छोट्या पुलापर्यंत, आठशे मीटर. ते अंतर त्यांनी पूर्वी साखळीने मोजलेलं होतं. जाऊन येऊन सोळाशे.

पहिल्या दिवशी अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागले आणि मला उलटी झाली. ते म्हणाले, तोंडावर पाणी मार, उद्या परत. रोज ते आकडा वहीत लिहीत. महिन्याभरात मी नऊ वीसवर आलो. त्यातला एकही दिवस मला आवडला नाही. कुकरची शिट्टी ऐकली तरी मी दचकायचो, कारण अण्णा शिट्टी वाजवून मला पळायला सोडायचे. पण वहिनींनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, की ते आता स्वतः दाढी करतात, आणि सकाळी त्यांना उठवावं लागत नाही.

मग छातीत जड वाटू लागलं. डॉक्टरांनी तपासून हृदय ठीक असल्याचं सांगितलं, पण असं जीव तोडून पळू नका म्हणाले. पळताना बोलता आलं पाहिजे, तेवढंच पळा. हे अण्णांना सांगायचं मी चार दिवस ठरवत होतो. पाचव्या दिवशी, उसामागच्या वळणानंतर, जिथून पुढे त्यांना दिसत नाही, तिथल्या चिंचेपासून मी परत फिरलो. मोरीच्या एकशे वीस मीटर अलीकडे. अण्णांनी स्टॉपवॉच दाबलं. नऊ दहा.

"व्हय, आत्ता आला गडी रुळावर," ते म्हणाले.

काट्यावर पन्नास किलोचा फरक आला तर मी गाडी थांबवतो. इथे मी रोज दोनशे चाळीस मीटर चोरत होतो, आणि असं सतरा दिवस केलं.

अडचण अशी, की त्याच सतरा दिवसांत मला पळणं आवडू लागलं. श्वास पावलांशी जुळायचा. रताळ्याच्या वेलांवर दहिवर दिसायचं. भाजीच्या बुट्ट्या घेऊन बसस्टॉपकडे निघालेल्या बायका विचारायच्या, "काय वं मामा, कोण पाठीमागं लागलंय?" आणि मी न थांबता त्यांना सांगू शकायचो, की साखर लागलीय. पहिल्या महिन्यात मला त्या बायका दिसल्याही नव्हत्या.

अठराव्या दिवशी अण्णांनी वही उघडलीच नाही.

"मोरीवर डांबर घालून आठ दिस झालं," ते म्हणाले. "तुझं बूट अजून पांढरं हाईत."

मी सगळं सांगितलं. छातीचं, डॉक्टरांचं, चिंचेचं. हळू पळायला बरं वाटतं, हे सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटली. त्यांचा डावा हात मांडीवर पडला होता. ते तो उजव्या हाताने पुनःपुन्हा सरळ करत राहिले. आता हे खाटेवर जाणार आणि पुन्हा उठणार नाहीत, एवढंच माझ्या मनात होतं.

"म्या तीस वर्सं पळालो," ते म्हणाले. "बरं वाटतंय म्हणून एक दिस न्हाय पळालो." मग म्हणाले, "कसं पळतोस, बघू दे मला."

खुर्चीवरून ते दिसणं शक्य नव्हतं. म्हणून रविवारी गावातली एक रिक्षा सांगितली. मी डाव्या कडेने पळत होतो आणि शेजारून रिक्षा चालली होती. रिक्षावाला दोनदा म्हणाला, की वरातीत सुद्धा गाडी एवढी हळू चालवली नव्हती. अण्णा हसले नाहीत. "बोल की रं कायतरी," ते मला म्हणाले. मी फौंड्रीतलं सांगू लागलो, मग धाकट्या लेकीच्या कॉलेजचं. ते मध्ये मध्ये विचारत होते. चिंच गेली. मोरी आली, तेव्हा मी वळायला लागलो.

"वळू नको," अण्णा म्हणाले आणि रिक्षावाल्याला गाडी पुढे घ्यायला सांगितलं.

आम्ही गावच्या शिवेपर्यंत गेलो. त्यांनी दोन वर्षांत ती पाहिली नव्हती.

रिक्षाचे ऐंशी ठरले होते. लांब गेल्याचे आणि हळू चालवल्याचे धरून त्याने एकशे तीस मागितले. अण्णांनी मला हात आडवा केला, खिशातून पेन्शनचे पैसे काढून दीडशे त्याच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, की उरलेले वीस पुढच्या रविवारच्या भाड्यात धर.