मधल्या माणसाशिवाय फुकेत

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, की कडुबा आणि पारूबाईचा अबोला चालू आहे. तो कशावरून, हे मात्र खुद्द कडुबालाही ठाऊक नव्हतं. चितेगावच्या कंपनीतून तो निवृत्त झाला आणि त्याच सुमारास कधीतरी पारूबाईचं बोलणं आटलं. विहीर आटते तसं. ती काही एका दिवसात आटत नाही, पण एक दिवस पोहरा सोडावा आणि तो खडकावर वाजावा.

घर मात्र सुरळीत चालायचं, कारण मध्ये सून होती.

"रूपाली, त्यांना सांग, ताट वाढलंय."

"रूपाली, तिला विचार, मीठ विसरली का."

दोघं समोरासमोर बसलेली आणि बोलणं सुनेच्या डोक्यावरून चाललेलं. सून नसली तर शेजारीण. शेजारीणही नसली तर दारातली शेळी. अबोल्याला मध्ये कुणीतरी लागतंच; त्यानं अबोलाही राहतो आणि संसारही.

कडुबानं आपल्या चुका आठवून पाहिल्या. तिची माहेरची ट्रंक भंगारात घातली होती. तिच्या भावाच्या घरी भरल्या ताटावरून उठला होता. एकेका चुकीची त्यानं सुनेकरवी माफी मागितली. पारूबाईकडून दर वेळी एकच निरोप आला, "म्हणावं, ते नाय." मग त्याला वाटलं, आता आपण दिवसभर घरात असतो, त्याचाच तिला कंटाळा आला असेल. म्हणून तो बाहेर ओट्यावर बसू लागला. त्यानंही काही झालं नाही.

शेवटी रूपालीच थकली. नवऱ्याला म्हणाली, "मी सून आहे का टपालवाली?"

सम्यक म्हणाला, "बाबांना वैजापूरला आत्याकडं धाडू आठ दिवस."

"वैजापूरला काय नि पैठणला काय, मध्ये बोलायला कुणीतरी भेटणारच. दोघांना मिळून धाडायचं, आणि जिथं आपली भाषा कुणाला कळत नाही तिथं."

अशी फुकेतची सहल ठरली. बुद्धाचा देश म्हणून दोघांपैकी कुणालाच नको म्हणता येईना. एजंटाला सम्यकनं नुसतं नवरा-बायको एवढंच सांगितलं. त्यानं नव्या जोडप्याची सहल गळ्यात मारली.

विमानात दोघांनी कडेच्या जागा धरल्या आणि मधली एका पुणेकर बाईंना दिली.

"ताई, तिला विचारा, कानात कापूस घातला का."

बाई गोंधळल्या. "तुमच्याच आहेत ना त्या?"

"व्हय. पण बोलणं नाय आमचं."

पलीकडून पारूबाई म्हणाली, "ताई, त्यांना म्हणावं, कापूस त्यांच्याच खिशात हाय."

फुकेत येईपर्यंत त्या बिचारीनं इकडचं तिकडं केलं. उतरताना ती इतक्या घाईनं निघाली, की मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

हॉटेलात दोघांच्या गळ्यात फुलांच्या माळा पडल्या. हसऱ्या चेहऱ्याच्या एका पोरीनं फोटो काढायला हातानं खुणावलं, जवळ सरका, आणखी जवळ. ती दोघं रेशन कार्डाच्या फोटोसारखी ताठ उभी राहिली. खोलीत पलंगावर पाकळ्या पसरलेल्या, आणि पांढऱ्या टॉवेलांचे दोन हंस केलेले, चोचीला चोच लावून. हे पाकळ्यांचं काय प्रकरण आहे, हे कडुबाला कळेना. कुणाचं तरी लग्न होतं आणि आपण चुकून त्याच्या खोलीत आलो, असं त्याला खरोखर वाटलं. त्यानं बॅगा उघडायच्या टाळल्या.

मग पारूबाई एका हंसाकडं बघून म्हणाली, "सांग त्यांना, नळाला गरम पाणी येतंय."

कडुबाचा जीव भांड्यात पडला. "हंसा, तिला म्हणावं, तू आधी घे."

हंस शेळीपेक्षा बरा निघाला. मध्ये ओरडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या गाडीनं त्यांना एका विहारात नेलं. मूर्तीपुढं बाया गुडघ्यावर बसून वंदना म्हणत होत्या. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द तेच पाली. पारूबाईनं हात जोडले आणि आपल्या चालीत त्रिसरण धरलं. कडुबानंही धरलं, वंदनेला अबोला लागत नाही. पण थोड्या वेळानं तोच गप्प झाला. शेजारून येणारा आवाज स्वच्छ होता, पहाटेच्या मोटेच्या धारेसारखा भरून येत होता. पुढच्या बायांनी वळून पाहिलं. हा आवाज आपल्या घरात होता? मग आपण तो ऐकला कसा नाही? परतताना गाडीत त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण हंस खोलीवर राहिले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो समुद्रावरून फिरून आला, तर पलंग मोकळा. पारूबाई न्हाऊन खिडकीशी बसली होती. एक हंस तिच्या केसांना गुंडाळलेला होता, दुसरा दोरीवर वाळत होता.

हिनं मुद्दाम सोडले की नुसते अंग पुसायला घेतले? कडुबा उभाच राहिला. त्यानं पंख्याकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं. खुर्चीशी बोलणं काही बरं दिसेना.

"पारू," तो म्हणाला. आपल्याच तोंडचं ते नाव त्याला नवं वाटलं.

"काय."

"माझं चुकलं काय, तेवढं सांग. मला खरंच कळंना."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कंपनीनं निरोप दिला त्या दिवशी स्टेजवर काय बोललात?"

"समद्यांचे आभार मानले. सायबांचे, बसवाल्याचे. तुझंबी चांगलंच बोललो की. टाळ्या पडल्या."

"काय बोललात?"

"हेच, की माझ्या बायकोनं जन्मात माझ्याकडं काही मागितलं नाय."

"मागितलं होतं."

"कवा?"

"सम्यक व्हायच्या आधी. आपल्या गल्लीतल्या धम्मपालच्या आईनं बायांची गाण्याची पार्टी काढली होती. भीमजयंतीला गावोगाव जायच्या. मला बोलावलं होतं. तुम्ही जेवत होता, तवा विचारलं. तुम्ही म्हणालात, बघू."

"मग?"

"मग मी थांबले. पार्टी जालन्याला गेली, नांदेडला गेली. मी थांबलेच. त्याचंबी मला काय नाय, बघू म्हणणारा नवरा काय माझा एकटीचाच नव्हता. पण माइक धरून म्हणालात, मागितलंच नाय. पुढं बसलेले समदे टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, मीच खोटी."

कडुबानं डोकं खाजवलं. जेवण आठवेना, प्रश्न आठवेना, बघू तर नाहीच. आठवलं म्हणावं, की सगळं मिटेल. एवढ्या दूर येऊन मिटवायचंच तर होतं. शब्द ओठांवर आला. पण समोरची बाई एका खोट्यापायी इतके महिने मुकी राहिली होती.

"मला नाय आठवत, पारू," तो म्हणाला. "अजिबात नाय."

ती वळली. किती दिवसांनी तिनं त्याच्या तोंडाकडं सरळ पाहिलं.

"खरं बोललात," ती म्हणाली. "आठवतंय म्हणला असता, तर घरापर्यंत तोंड उघडलं नसतं मी." मग केसांचा टॉवेल सोडत म्हणाली, "ती पार्टी अजून चालती. गेल्यावर मी जाणार हाये."

'बघू' हा शब्द सवयीनं कडुबाच्या जिभेवर आलाच. त्यानं तो आवंढ्यासारखा गिळला.

"जा," तो म्हणाला.

"तुम्हाला विचारलं नाय. सांगितलं." तिनं समोरची खुर्ची पायानं पुढं सरकवली. "आन बसा आता. कुठली गाणी होती, कोण कुठं चुकायचं, समदं सांगायचंय मला. लई लांबचं हाय."

कडुबा बसला. अबोला संपला की भांडण सुरू झालं, हे काही त्याला कळेना.