‘नाई’ म्हणता न येणारा इन्स्पेक्टर

देवळीत कोणालाही विचारा, विवेक कोण? आधी हेच सांगतील, "तोच ना, मायले चहा पाजून मारलं तो?"

नळावरच्या आनंदाबाईंची सांगायची पद्धत तर खास आहे. आवाज खाली, डोळे मोठे, पदर तोंडाशी. "लय चांगला पोरगा हो बाई! ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर म्हणे, थेंबभर पाणी देऊ नोका. अन् यानं कपभर चहा देल्ला. दुधाचा!" ‘दुधाचा’वर त्या असा जोर देतात, की काळा चहा दिला असता तर धुरपता मोठीमाय आज नळावर त्यांच्याशी भांडत असती.

खरं काय ते सांगते. चहा दिला, एवढं बरोबर आहे. विवेकदादा माझा चुलतभाऊ, मोठे बाबांचा एकुलता एक. मोठीमायचं, म्हणजे त्याच्या आईचं, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं वर्ध्याला. तिनं चहा मागितला, यानं आणून दिला. डॉक्टर बोंबलले, ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, झालं, चांगलं झालं. मोठीमाय घरी आली, विहारातल्या जेवणात आचाऱ्याच्या भाजीला नावं ठेवली, आणि पुढच्या उन्हाळ्यात झोपेत हार्ट अटॅकनं गेली. चहाचा काहीएक संबंध नाही. पण ही गोष्ट लांब आहे, आणि नळाला तेवढा वेळ पाणी राहत नाही.

गंमत म्हणजे ही अफवा गावात ज्याला सगळ्यात पक्की पटली, तो विवेकदादाच.

तसा तो ‘नाही’ म्हणणाऱ्यांतला कधी नव्हताच. त्याची मोटरसायकल अख्ख्या वॉर्डाची. कोणाचं सोयाबीन निघालं की पोती उचलायला हा. काहीही मागा, आधी घसा साफ करणार, मग जमिनीकडे बघणार, मग म्हणणार, "बरं..." आणि इथं एवढा थांबणार की वाटावं, आज हा माणूस सुधारला. मग हळूच, "...चालते." हे मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये केलं तेव्हा मोठे बाबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. विवेकदादानं टाळ्या वाजवल्या. त्याला कोणीतरी वाजव म्हटलं असणार.

असा माणूस पाईप आणि वेल्डिंगचा इन्स्पेक्टर व्हायला निघाला.

म्हणजे नाही म्हणण्याच्या नोकरीला. रिफायनरीत वेल्डर पाईपाला पाईप जोडतो, आणि इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन तो जोड बघतो. खोट दिसली की पिवळ्या मार्करनं फुली मारायची आणि वेल्डरच्या तोंडावर म्हणायचं, "रिजेक्ट." त्याची मेहनत गेली, जोड कापून परत करायचा. एवढंच काम.

वर्ध्यात स्टेशनमागे टिनाच्या शेडमध्ये क्लास होता. शिकवायला रूपराव सर, बरीच वर्षं आखातात राहून आलेले, त्यामुळे अर्धे हिंदीत आणि अर्धे रागात बोलणारे. प्रॅक्टिकलच्या दिवशी क्लासचा वेल्डर रजत यानं मुद्दाम खराब जोड करून ठेवला. जोडाच्या कडेला पाईप खाल्ल्यासारखा खोल चर पडतो, त्याला अंडरकट म्हणतात. विवेकदादानं तो बघितला, गेज लावून मोजला, नख घातलं तर नख अडकलं. रजत म्हणाला, "राह्यू दे ना भाऊ, सकाळपासून हात दुखून राह्यला."

विवेकदादानं घसा साफ केला.

"बरं... चालते."

सर उसळले. "अरे ये इन्स्पेक्टर नहीं, वाढपी है वाढपी! जो मांगेगा उसको देगा! कल को पाईप फटेगा, आदमी जलेगा, तो उसको बी चाय पिला देना, तेरी माय को पिलाया वैसा!"

देवळीचं दुसरं एक पोरगं क्लासमध्ये होतं, त्यानं चहाचं सांगून ठेवलं होतं. सगळा क्लास हसला. विवेकदादाही हसला. घरी येऊन त्यानं मला हे जसंच्या तसं सांगितलं, आणि सरांचा आवाज मी तिथल्या तिथं उचलला. "माय को पिलाया वैसा" तर इतकं हुबेहूब जमलं, की त्यानं ताट बाजूला सारलं.

तो नापास झाला. सोमवारी शेवटचा चान्स होता. तो गेला तर काय, हे मोठे बाबांनी जेवताना सांगून टाकलं होतं, "पुलगावले मामाच्या जिनिंगमंदी जागा आहे. कापसाच्या गाठी रचा लागतात. गाठी काई मांगत नाईत कोनाले, तुह्यासाठी बरं आहे."

विवेकदादा क्लासमधून पाईपाचे तुकडे पोत्यात भरून आणू लागला. कंडक्टर म्हणे, "काऊन गा, पुलगावच्या मिलिट्री डेपोतले बॉम्ब तं नाई ना?" तुकडे अंगणात मांडून तो मला म्हणाला, "काजल, तू वेल्डर हो. मी नाई म्हणाची प्रॅक्टिस करतो."

मला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाचं पातेलं राखायला देणं! मी बिहारी वेल्डर झाले, "साहब, घर पे बच्चा हुआ है, आज का दिन मत काटिए." बरं... चालते. मी ठेकेदार झाले, नाकातून, पान खात, "इन्स्पेक्टर साहेब, तुमी तं घरचे मानूस." बरं... चालते. मी देवळीचाच वेल्डर झाले, "आपन एका तालुक्यातले ना बे!" हे वाक्य पुरंही झालं नव्हतं. एक जोड तर असा होता की आरपार उजेड दिसत होता. मी नुसता उसासा टाकला, त्यानं तोही पास केला.

रविवारी दुपारी मी शर्यत लावली.

"एकच आवाज काढतो मी. तू पास केलं तं तुही मोटरसायकल माही."

"अन् नाई केलं तं?"

"तू सांग."

त्यानं विचार केला. "माही नक्कल बंद. कुठंच नाई. कोनासमोरच नाई."

मी लगेच हो म्हटलं. हरायचा प्रश्नच नव्हता. (लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.)

मी घरातून मोठीमायची शाल आणली, डोक्यावरून घेतली आणि तिच्या खाटेवर आडवी झाले. समोर तो नख अडकणाऱ्या चराचा पाईप ठेवला. मग आवाज काढला, कोरडा, दवाखान्यातला.

"इवेक... बेटा... गळा सुकून राह्यला रे. पास कर ना. तुह्या मायसाठी. कर ना, बेटा."

आत मोठे बाबा भांडी घासत होते. भांड्यांचा आवाज थांबला. विवेकदादाचा चेहरा असा उतरला की मी मनातल्या मनात मोटरसायकलला किक मारली.

तो खाली वाकला. टॉर्च लावला. चरात नख घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग मार्कर उघडला आणि फुली मारली.

"रिजेक्ट."

घसासुद्धा साफ केला नाही.

मग माझ्याकडे बघितलं. "अन् तुहा आवाजबी रिजेक्ट. माय असी मांगत नव्हती. ‘दे ना’ तिनं जन्मात कोनाले म्हटलं नाई. तू आनंदाबाईचं आयकून करून राह्यली."

त्याचं बरोबर होतं. दवाखान्यात मी नव्हतेच.

"कशी म्हणे मंग?" मी विचारलं.

"‘चहा आण म्हटलं ना! डॉक्टर काय तुहा बाप आहे का?’ असी म्हणे. कहाड, बरोबर कहाड."

मी काढला. या वेळी बरोबर जमला, जमलेला मला कळतो. "पास कर म्हटलं ना! तो सर काय तुहा बाप आहे का?" आतून मोठे बाबा दारात येऊन उभे राहिले, हाताला राख तशीच. विवेकदादा परत वाकला. त्याच पाईपावर, पहिल्या फुलीच्या शेजारी त्यानं दुसरी फुली मारली, वाकडीतिकडी.

"रिजेक्ट."

सोमवारी त्याच्यापुढे रूपराव सर स्वतः वेल्डर बनून उभे राहिले, हात जोडले, रडायचं नाटक केलं. मला ते ऐकायला मिळालं नाही, याचं वाईट वाटतं. विवेकदादानं सरांच्या तोंडावर फुली मारली म्हणे, म्हणजे जोडावर. पास झाला. आता गुजरातेत एका रिफायनरीत आहे.

परवा मोठे बाबांनी त्याला फोन केला. मोठीमायला जाऊन वर्ष होतंय. स्पीकरवर होता, मी ओट्यावरच होते.

"मायच्या पुण्यानुमोदनाले येजो, इवेक."

"नाई. शटडाऊन आहे, सारे जोड तपासाचे आहेत."

"एका दिवसासाठी ये रे बापा."

"नाई म्हटलं ना, बाबा."

मोठे बाबांनी फोन मांडीवर ठेवला. बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काजल, ते त्याचं कहाड ना एकदा. ‘बरं, चालते’."

माझा घसा तयार होता. नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं.

"नाई, मोठे बाबा."

"काऊन वं? कोनाले सांगत नाई मी."

"शर्यत हरली ना मी त्याच्यासंगं."