माशाचं हृदय आणि चाचांचा प्रश्न

तीर्थपुरीच्या शाळेनं माझा सत्कार ठेवला, तेव्हा मला पीएच.डी. मिळून जेमतेम महिना झाला होता. फळ्यावर रंगीत खडूनं माझ्या नावाआधी ‘हृदयरोगाचे डॉक्टर’ असं लिहिलं होतं. हॉलमध्ये शिरताना मी ते वाचलं. मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन ‘सर, मी तसला डॉक्टर नाही’ एवढं सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. मी सांगितलं नाही. त्या दिवशी आणखीही बरंच सांगायचं राहिलं, म्हणून आज हे लिहितोय.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी माशांच्या हृदयावर काम करतो. अंगावर निळे पट्टे असलेला, करंगळीच्या दोन पेरांएवढा झेब्राफिश नावाचा मासा असतो. त्याला गुंगीच्या पाण्यात ठेवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या हृदयाचं टोक कापायचं आणि त्याला परत टाकीत सोडायचं. मासा काही वेळ तळाशी पडून राहतो, मग पोहायला लागतो. दोनेक महिन्यांनी पाहावं तर कापलेलं टोक परत आलेलं असतं. तिथं नुसता व्रण नसतो, आकुंचन पावणारा खरा स्नायू असतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

माझा विषय त्याहून बारीक होता. हृदयाच्या बाहेरच्या अंगाला पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला एपिकार्डियम म्हणतात. एरवी तो निपचित असतो. पण हृदयाला जखम झाली की जखमेजवळचाच नव्हे, सगळ्या हृदयावरचा थर जागा होतो. गर्भात असताना जी कामं तो करायचा ती परत करायला लागतो. त्याच्या पेशी वाढतात, जखमेवर सरकतात, तिला झाकतात. काही आत शिरून नव्या रक्तवाहिन्यांना आधार देतात. शिवाय हा थर अशी रसायनं सोडतो, की खालच्या स्नायूच्या पेशी पुन्हा विभागायला लागतात. हा थर मारून टाकला तर माशाचं हृदयही नीट भरून येत नाही. हे सगळं मला रंगवून सांगता येतं. तेच तर झालं.

कारण याची दुसरी बाजूही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आमच्या प्रयोगशाळेत उंदरांवरही काम चालायचं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं हृदय पहिले काही दिवस भरून येतं, मोठ्या उंदराचं येत नाही. त्याचाही बाहेरचा थर जागा होतो, पण तो मुख्यतः व्रण विणत बसतो. माणसाचंही बहुतेक असंच असावं. माझ्याकडे मोठ्या उंदराच्या हृदयाचं एक चित्र होतं. रंग दिल्यावर स्नायू लाल आणि व्रण निळा दिसतो. त्या चित्रात हृदयाची एक अख्खी भिंत निळी होती. सत्काराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भाषणाची तयारी करताना मी ते चित्र काढून टाकलं. मुलांना कंटाळा येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे त्या चित्रानं कार्यक्रमाचा रंग गेला असता.

भाषण छान झालं. गावातली मोठी माणसंही आली होती. मागच्या रांगेत वडिलांच्या शेजारी चाचा बसले होते. चाचांचं गाद्या-रजयांचं दुकान आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की आमच्या ओट्यावर पांढरी लव येऊन बसायची आणि आई तक्रार करायची. ते आणि वडील लहानपणापासूनचे दोस्त. त्यांना पाहूनच मला दाखला सुचला. मी म्हणालो, “गादीवर खोळ असते ना, तसा हा हृदयावरचा थर. फरक एवढाच, की ही खोळ फाटलेली गादी आतून दुरुस्त करते.” पोरं हसली. चाचा लाजल्यासारखे झाले आणि आजूबाजूला बघायला लागले. टाळ्या वाजल्या. ‘माशात’ हा शब्द मी सुरुवातीला चार-पाच वेळा उच्चारला असेल. शेवटी शेवटी मी नुसतं ‘हृदय’ म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला निघायच्या घाईत होतो. चाचा फाईल घेऊन आले. दोन महिन्यांपूर्वी त्यांना झटका येऊन गेला होता, हे वडिलांनी मला फोनवर सांगितलं होतं. मी ‘काळजी घ्यायला सांगा’ म्हणून फोन ठेवून दिला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून तीन ठिकाणी अडथळे दाखवले होते, महिन्याभरात बायपास करून घ्या म्हणून बजावलं होतं. तो महिना उलटून गेला होता.

चाचांनी फाईल उघडली नाही. मांडीवर ठेवून वर हात ठेवला.

“बेटा, काल तू सांगितलं ते मानसाला कवा होनार?”

“काम चालू आहे, चाचा.”

“म्हंजे किती साल?”

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. पण आई दारात उभी होती, वडील पेपर खाली ठेवून ऐकत होते. मी म्हणालो, “चार-दोन वर्षांत काहीतरी नक्की येईल.”

“मंग तवर छाती फाडून घ्यायची का न्हाई?”

माझी बॅग भरून झाली होती. घनसावंगीकडून येणारी गाडी वेळेवर आली तर दहा मिनिटं उरली होती. मी म्हणालो, “घाई करू नका. डॉक्टरांना नीट विचारा.”

हे दुसरं वाक्य मी नंतर पुष्कळदा स्वतःपुढे ठेवलं, सुटका होते का पाहायला. होत नाही. चाचांनी पहिलंच ऐकलं. त्यांनी तेच ऐकावं अशाच आवाजात मी म्हणालो होतो. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला ते आवडलं.

पुण्यात आल्यावर मी कामात बुडालो. अधूनमधून वडिलांच्या फोनवर चाचांचा विषय निघायचा. बरे आहेत, दुकान चालू आहे, थोडी धाप लागते म्हणतात. ऑपरेशनचं काय झालं, हे मी एकदाही विचारलं नाही. विसरलो म्हणून नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

आठ महिन्यांनी चाचांना दुसरा झटका आला. मशीनवर कापूस टाकता टाकता ते खाली बसले आणि त्यांना उठता येईना. वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. त्या वेळी एका बंद नळीत स्टेंट टाकला आणि जीव वाचला. मी दुसऱ्या दिवशी पोचलो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांची मुलगी उभी होती. मी तिला लहानपणापासून आपा म्हणतो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मला पाहून तिनं मान हलवली आणि आत नेलं. चाचांचे हृदयतज्ज्ञ इकोचं यंत्र लावून बसले होते. वडिलांनी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, की हाही हृदयातलाच डॉक्टर आहे. मी पडद्याकडे पाहिलं. हृदय हलत होतं, पण त्याची पुढची भिंत हलत नव्हती. बाकीचं सगळं आकुंचन पावत होतं आणि ती भिंत नुसती ओढली जात होती. काढून टाकलेल्या चित्रातली निळी भिंत मला ओळखता आली.

डॉक्टर मोकळ्या स्वभावाचे होते. माझं काम कशावर आहे ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, “फार छान. पण माणसात कधी येईल हे?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “येईल की नाही तेही माहीत नाही.”

किती सहज निघालं ते तोंडातून. शिकलेल्या माणसापुढे खोटं बोललो तर पकडला जाईन, हे मला बरोबर कळत होतं. खाटेवर चाचा डोळे मिटून पडले होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. आपानं ऐकलं.

व्हरांड्यात आल्यावर ती हळू आवाजात बोलली. आठ महिने ती चाचांच्या मागं लागली होती. तारीख दोनदा ठरवली, दोन्ही वेळेस त्यांनी मोडली. दर वेळी माझं नाव घ्यायचे, म्हणायचे, तो दिलाचंच शिकलेला आहे, तो घाई करू नको म्हन्ला.

“मी नर्स हाये,” आपा म्हणाली. “रोज असले पेशंट बघते. पन माझं त्यांनी ऐकलं न्हाई, तुझं ऐकलं. तू एक फोन करून ‘ऑपरेशन करा’ म्हन्ला असता तर ते दुसऱ्या दिवशी गेले असते.”

 ती औषधाची चिठ्ठी घेऊन खाली निघून गेली.

चाचा घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी मुद्दाम तीर्थपुरीला गेलो. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी खाली सतरंजीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मोठ्या उंदराचं, निळ्या व्रणाचं, काढून टाकलेल्या चित्राचं. ‘चार-दोन वर्षं’ हे मनानंच ठोकून दिल्याचंही. म्हणालो, “चाचा, मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

त्यांनी पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, “मलाच भ्या वाटत होतं रे. छाती फाडायचं ऐकलं की रातभर झोप न्हाई यायची. तुझं नाव घेतलं की ही पोरगी गप बसायची, म्हनून घेत होतो. तुझी काय बी चूक न्हाई.”

मला आत कुठंतरी हलकं वाटलं. त्या क्षणाची मला आजही सर्वांत जास्त लाज वाटते. खोटं बोललो त्याची वाटते त्याहूनही जास्त. एक आजारी माणूस मला वाचवायला स्वतःवर आळ घेत होता आणि मी तो घेऊ देत होतो.

आपा स्वयंपाकघराच्या दारात होती. ती म्हणाली, “अब्बा, इसको मत बचाओ.” आवाज चढवला नाही.  

नंतर मी मुख्याध्यापकांकडे गेलो. मला परत एकदा मुलांशी बोलायचंय, पहिल्या वेळी अर्धंच सांगितलं होतं, असं म्हणालो. ते हसून म्हणाले, आता परीक्षा जवळ आल्यात, आणि पहिलं भाषण सगळ्यांना फार आवडलंय, कशाला बिघडवता. मी फार आग्रह धरला नाही. धरायला हवा होता.

वडिलांना मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. चाचांनीही त्यांना सांगितलं नसावं. दोघं अजून संध्याकाळी ओट्यावर बसतात. चाचांना रस्ता ओलांडायला मध्ये एकदा थांबावं लागतं. पिंजायचं मशीन त्यांनी मंठ्याच्या एका कारागिराला विकलं. आता बसल्या बसल्या उश्या शिवतात. डॉक्टर म्हणतात, हृदयाची ताकद निम्म्यावर आली आहे, वेळेत बायपास झाली असती तर कदाचित एवढी उतरली नसती. त्या ‘कदाचित’ला मी पुष्कळ दिवस धरून होतो. आता सोडलंय.

काम मी सोडलं नाही. माशाच्या हृदयावरचा तो थर जागा होताना आम्ही त्याला हिरवा चमकणारा रंग देतो. टोक कापल्यानंतरच्या दिवसांत तो कडेकडेनं सरकत जखमेवर येतो. पूर्वी ते बघताना मी सोबत्यांना हाका मारायचो. आता बघतो, नोंद करतो. मोठ्या उंदरात हाच थर व्रणाऐवजी स्नायूला मदत करायला का लागत नाही, हा प्रश्न मी पुढच्या कामासाठी घेतलाय. चाचांसाठी घेतला असं म्हणायला बरं वाटलं असतं. तसं नाही. त्यांच्या हयातीत याचा उपयोग होणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि आता त्यांनाही.

यंदा ईदला मी गावी होतो. चाचांकडे गेलो. आपानं शीरखुर्म्याची वाटी पुढ्यात ठेवली, बसली नाही. मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, कुंभार पिंपळगावची एक बाई आहे, पन्नाशीची. बायपास सांगितलीय, पण करत नाही. मोबाईलवर तिनं कुठंतरी पाहिलंय की हृदय आपोआप परत वाढतं. “चल,” आपा म्हणाली. मागचं काहीच बोलली नाही.

तिच्या स्कूटीवर मागं बसून गेलो. बाई शेंगा निवडत बसली होती. मी मुद्द्याचंच बोललो. सांगितलं, की मोबाईलमध्ये पाहिलं ते माशात खरं आहे, लहानग्या उंदरात थोडं खरं आहे, मोठ्या माणसात नाही. तशी औषधं आज नाहीत, तुमच्या वेळेपर्यंत येणारही नाहीत. डॉक्टर सांगतात ते ऑपरेशन करा, थांबू नका.

बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमी डॉक्टर हायेत का?”

“नाही. मी माशांवर काम करतो.”

“मंग तुमाला मानसाचं काय कळतं?” ती म्हणाली आणि परत शेंगांकडे वळली.

आपा तिच्याजवळ बसली, अर्धा तास समजावत राहिली. बाई ऐकून घेत होती, पण हो म्हणाली नाही. परतताना मी आपाला विचारलं, करेल का ती. आपा म्हणाली, “बघू. मी गुरुवारी परत जाईन.” मग स्टँडवर मला उतरवून ती ड्युटीवर गेली.