रिकामा डबा

मँचेस्टरच्या त्या घरी मला रविवारी बोलावणं असायचं, कारण तिथल्या काकूंना मी गरीब गाय वाटायचे. इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी बोलताना अडखळणारी. पाहुण्यांसमोर त्या म्हणायच्या, "हिच्या तोंडात जीभ आहे की नाही, देव जाणे." मी हसायचे आणि बघत राहायचे.

बघायचे ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मावशींकडे. काकू आणि काका, दोघंही डॉक्टर. त्यांनी मावशींना गावाहून आणलं आणि पासपोर्ट कपाटात ठेवला. पगार नाही, फोन नाही. घरातले बाहेर पडले की दाराला बाहेरून कुलूप.

अशा बायकांना सोडवणारे आम्ही तिघं. ब्रिस्टलची ताई राहायची सोय करायची, ग्लासगोचे वकीलदादा कायद्याचं बघायचे, आणि दोघांमधला पत्रव्यवहार माझ्याकडे. सगळं टपालानं, कारण आपल्या मंडळींत व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही लपत नाही.

मावशींपर्यंतची वाट काकूंनीच दिली. त्या मला डब्यात भाजी द्यायच्या, आणि डबा रिकामा परत करायचा नसतो. मी लाडू भरायचे, लाडवांच्या कागदाखाली चिठ्ठी. काकू बाहेरून परत आलेल्या डब्यांना हात लावत नसत. डबा उघडायच्या मावशीच.

दादांनी लिहिलं, पासपोर्टचं पोलीस बघतील, मावशींनी फक्त बाहेर यावं. मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा दिवस सुचवला. त्या दिवशी दार उघडंच असतं, हे कारण दिलं. दुसरं कारण मनातच ठेवलं: भरल्या घरात काकूंना स्वतः चहा करावा लागावा.

मावशींनी भाजीच्या पुढच्या डब्यातून पेन्सिलीनं उत्तर पाठवलं, "पायात घालायला काही नाही. वहाणा त्यांनी काढून घेतल्या." मी लिहिलं, दाराशी पाहुण्यांच्या जोड्यांत डावीकडचे काळे बूट माझे, तेच घाला.

त्या दिवशी मी दाराशी उभी राहून बायकांना अत्तर लावत होते. मावशी माझ्या मागून गेल्या. कोपऱ्यावर ताईची गाडी उभी होती. आतून काकूंनी चहासाठी हाका मारल्या, मग स्वतः उठल्या, साखर शोधत राहिल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी डोळे भरून पाहिलं. घरी जाताना काकूंचेच बूट घालून गेले.

पोलीस येऊन गेल्यावर काकूंचा फोन आला. "तूच ना गं? इतकी वर्षं तुला खाऊ घातलं मी."

"खाऊ मावशींनी घातलं, काकू," मी म्हणाले.

त्यांचा शेवटचा डबा माझ्याकडे होता. मी तो घासून पुसून त्यांच्या पायरीवर ठेवला. रिकामा.