चपला उलट्या करणारा डॉक्टर

आमच्या हिच्या धाकट्या भावाइतका दुसऱ्याच्या चपलांत जीव गुंतलेला माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात सापडायचा नाही. खेळाडूंचे गुडघे-घोटे बरे करायची डॉक्टरकी शिकून हा आला, पण इथे खेळाडू किती मिळणार? म्हणून त्यानं साऱ्या गावालाच खेळाडू ठरवून टाकलं. कुणाच्याही घरी गेला की आधी दाराबाहेरच्या चपला उलट्या करून तळ बघणार, मग आत येऊन कोण कुठल्या पायावर भार टाकतं ते सांगणार. रनाळ्याच्या एका लग्नात तर वऱ्हाड्यांनी चोर समजून त्याची गचांडी धरली. सुटल्यावर त्यानं त्यांच्यातल्याच तिघांना खुर्चीवरून दहा-दहा वेळा उठबस करायला लावली.

गोळ्या तो हात आखडून देतो. चिठ्ठीवर चालणं लिहितो, तेही मिनिटांत नाही. 'मिरच्या वाळत घातलेल्या पथारीपर्यंत, शिंक आली की परत.' पहिल्या आठवड्यात लोक ती चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेले. दुसऱ्या आठवड्यात पथारीच्या रस्त्यावर शिंकांची रांग लागली.

माझा जळफळाट इथूनच सुरू झाला. मी शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली, शिट्टी फुंकून गाल दुखले, पण निवृत्त झाल्यावर माझ्या सांगण्यावरून एक माणूस चालला नाही. आमची ही तर नाहीच. सकाळी माझ्याबरोबर फिरायला चल, म्हणून कितीदा बजावलं, तिला वेळच नसायचा. आणि भावाची चिठ्ठी मिळताच बाई बूट घालून तयार! कारण विचारलं तर म्हणाली, "तुम्ही वरडतस. तो इचारस."

खोटं कशाला सांगू, मेहुण्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. ईर्ष्येनं मीही तिच्या मागून निघालो. चौथ्या दिवशी माझा गुडघा सुजला आणि ती शेजारणींबरोबर पुढे निघून गेली. शेवटी नाक मुठीत धरून मी त्याच्याकडे गेलो. त्यानं माझी चप्पल उलटी केली. टाच पार झिजलेली, पुढचा भाग नव्यासारखा. तो हसला नाही, हेच मला जास्त लागलं.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्ही साऱ्या गावले पळाडं, पन सोता उभाच ऱ्हायनात."

मग त्यानं चिठ्ठी लिहिली: 'विजेच्या दुसऱ्या खांबापर्यंत.' आणि खाली, 'ताईनं पुढे जाऊ नये.'

तीस वर्षं मला जे नीट मागता आलं नाही, ते त्यानं एका ओळीत लिहून दिलं. त्याचा हेवा वाटतो तो आता याचाच. रोज सकाळी आम्ही दोघं दुसऱ्या खांबापर्यंत जातो. पथारी अजून लांब आहे, शिंक काही येत नाही, आणि ही पुढे जात नाही.