खंडेनवमीची बंद मशीनं

खंडेनवमीला आमच्या कारखान्यातल्या शॉपमध्ये मशीनं चालवत नाहीत. सकाळी पुसायची, तेल द्यायचं, हळदीकुंकू वाहून झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि दिवसभर त्यांना विश्रांती. फौजेच्या गोळ्या भरायच्या लोखंडी पेट्या आम्ही करतो. मी पारोळ्याहून रोज बसनं येतो, आणि ही पूजा कधी चुकवली नाही.

त्यात आली ही नवी रचना. आधी संरक्षणाच्या बजेटातून कारखान्याला थेट पैसा यायचा. मग कारखान्याची कंपनी केली, आणि फौज झाली गिऱ्हाईक! ऑर्डर असेल तर पैसा, मशीन चालू दिसलं तर पेट्यांसाठी पत्रा. बंद दिसलेलं शॉप मोडायचं, माणसं परराज्यात धाडायची. संप करावा तर त्याला कायद्यानं बंदी. म्हणजे मार खायचा आणि ओरडायचंही नाही! माझ्या वडिलांचं डायलिसिस धुळ्यात चालू. त्यांना घेऊन मी कुठे जाणार होतो?

आणि कंपनीचे पाहणीचे साहेब नेमके खंडेनवमीला आले. माळा घातलेल्या मशीनांपुढून फिरले, लिहीत गेले. आमचे म्हातारे फिटर नाना त्यांच्या खांद्यावरून डोकावले आणि मला म्हणाले, "भाऊ, बठ्ठं बंद लिखी टाकं यानी!"

सगळंच बंद? तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "साहेब, आज पूजा आहे. परवा या, कान किटतील तुमचे."

"मला कळतं हो. पण आमच्या फॉर्मात पूजेचा रकाना नाही," साहेब म्हणाले. वर प्रसादाचं खोबरंही खाल्लं. काय निर्लज्जपणा!

पत्रा निम्मा झाला. पुन्हा बंद दिसलात तर शॉप मोडू, अशी तंबी आली.

पुढच्या वर्षी पाहणी पुन्हा खंडेनवमीलाच. पत्रा तर आठवड्यापूर्वीच संपलेला. नानांनी झेंडू आणला नाही, नारळ आणला नाही. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आम्ही बटणं दाबली आणि सगळी मशीनं रिकामीच धडधडत ठेवली. मला तिथल्या तिथे रडू फुटेल असं वाटलं.

साहेबांनी सगळीकडे ‘चालू’ लिहिलं. जाताना माझी पाठ थोपटून म्हणाले, "यंदा छान सुधारणा आहे."

एकही पेटी झाली नव्हती.